खंडित पान

आमच्या घरी देवाच्या पूजेचा बेल निवडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तिन्ही दले पुरी असावीत, देठाची गाठ खुडलेली असावी आणि पान किडलेले, फाटलेले अथवा भोक पडलेले नसावे, इतकेच नियम अण्णांनी सांगितले. मात्र हे नियम पाळावयाचे तर नुसती पाने निवडून भागत नाही. झाडही राखावे लागते. देवळामागे बेलाची दोन झाडे आहेत. पावसाळा लागला की त्यांच्या कोवळ्या पालवीवर अळ्या दिसू लागतात. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि वाढल्या म्हणजे पानाच्याच रंगाच्या होतात. मी त्या काडीने उचलून मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकीत असे. काडीचा स्पर्श होताच अळी डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढी आणि लिंबाच्या पानासारखा उग्र दर्प येई. सायंकाळी डबा उकिरड्यावर रिकामा करावयाचा. ही अळी कोणाची, हा प्रश्न मला कधी पडला नाही. देवाच्या कामी लागलेल्या हाताचा हिशेब सहसा कोणी मागत नाही, आणि तो हातही स्वतःचा हिशेब ठेवीत नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेस मी बंगळुरास ताईकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी भावोजींनी आम्हां सर्वांना बन्नेरघट्टा येथील फुलपाखरांचे उद्यान दाखविण्याचे ठरविले. भाची आठ वर्षांची. तिला रात्रभर झोप नव्हती. मला मात्र जावेसे वाटत नव्हते. प्राणी कोंडून त्यांचे प्रदर्शन मांडणे मला पूर्वीपासून रुचत नाही. आमच्याकडच्या जत्रेत पंख कापलेला पोपट चिठ्ठी ओढून लोकांचे भविष्य सांगे, ते पाहिल्यापासून हे मत माझ्या मनात पक्के होते, आणि पंचविशीत माणसाची मते अंमळ अधिकच पक्की असतात. मोटारीत बसल्याबसल्या मी भावोजींशी वाद घातला. ते म्हणाले, "मग आधी गोठ्यातल्या गाईचे दावे सोड." मी म्हणालो, गाय दूध देते, तिला आपण चारापाणी देतो, तो परस्परांचा व्यवहार आहे. त्यावर ते हसून म्हणाले, "म्हणजे उपयोगासाठी बांधले तर धर्म आणि पाहण्यासाठी बांधले तर अधर्म, असेच ना?"

मला उत्तर सुचले नाही. पाहणे हा उपयोग नव्हे, असे म्हणण्याचा अधिकार देवळात वाढलेल्या माणसाला कितपत आहे? आमच्या घराचा चरितार्थच पाहावयास येणाऱ्या माणसांवर चालतो.

बन्नेरघट्टा हे बंगळुरापासून सुमारे 22 किलोमीटर अंतरावर आहे. तेथील जैविक उद्यानाच्या आवारात साडेसात एकर जागेवर हे फुलपाखरांचे उद्यान 2006 साली सुरू झाले. आपल्या देशातील अशा प्रकारचे ते पहिले. कर्नाटकाचे प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, बंगळुरचे कृषी विद्यापीठ आणि 'ॲट्री' ही पर्यावरणाचा अभ्यास करणारी संस्था यांच्या सहकार्याने ते उभे राहिले आहे. मुख्य वास्तू वर्तुळाकार असून तिचे क्षेत्रफळ 10,000 चौरस फूट आहे. वर पॉलिकार्बोनेटचे छत. त्यातून ऊन गाळून यावे तसे येते. आत कृत्रिम धबधबा आहे. हवा दमट, श्रावणात कोकणात उतरल्यासारखी. मध असलेली फुलझाडे दाटीने लावलेली, आणि त्यांच्यावर फुलपाखरे.

फुलपाखरे मी आजवर पाहिली नव्हती असे नाही. आमच्या परसात ती रोज येतात. परंतु परसातले फुलपाखरू दिसते न दिसते तोच भिंतीपलीकडे जाते. येथे ते जात नाही. ते दृष्टीपुढेच राहते, हाताच्या अंतरावर पंख मिटते, उघडते, सोंड उलगडून फुलात घालते, आणि आपण त्याच्याकडे स्वस्थपणे पाहू शकतो. एक काळे, पिवळसर ठिपक्यांचे फुलपाखरू भाचीच्या खांद्यावर येऊन बसले. ती श्वास रोखून उभी राहिली. ते उडून गेल्यावर ती काही बोलली नाही. तिने खांद्यावरची ती जागा दुसऱ्या हाताने झाकून ठेवली. मी कितीही वादी असलो तरी ते दृश्य पाहून माझ्या मनातला पोपट क्षणभर मागे सरला, हे कबूल केले पाहिजे.

तरीही मी वर पाहिले. छताला लागून एक फुलपाखरू वरच्या वर धडका देत होते. उजेडाकडे जाणे हा त्याचा स्वभाव, आणि उजेड तर सर्व बाजूंनी होता. काही जातींना या मर्यादेचे फारसे सोयरसुतक नसावे. परंतु सर्वांचे तसे नाही. डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो इत्यादी फुलपाखरे पावसाळ्याच्या तोंडी सह्याद्रीतून पूर्वेकडच्या सपाटीकडे थव्यांनी जातात आणि पाऊस सरल्यावर परततात, हे दक्षिण भारतातील अभ्यासकांनी नोंदविले आहे. अर्ध्या देशाची वारी करणाऱ्या जीवाला 10,000 चौरस फूट म्हणजे किती? म्हणून माझा मूळ आक्षेप मी मागे घेतलेला नाही. तो आहे तेथेच आहे. फक्त तो घेण्याचा माझा अधिकार पुढच्या अर्ध्या घटकेत डळमळीत झाला, तो प्रकार सांगतो.

एका बाजूस एक वयस्क माळी झाडांना पाणी घालीत होता. त्याच्या जवळचे रोपटे पाहून मी थबकलो. रोपटे लिंबाचे होते, आणि त्याच्या पानांची चाळण झालेली होती. शेंड्याकडे तर नुसते देठ उरले होते. सवयीने माझा हात पुढे झाला. पानाआड अळी होती. हिरवी, जाड, पुढच्या भागावर डोळ्यांसारख्या खुणा असलेली. माझे बोट लागताच तिने नारिंगी शिंग बाहेर काढले, आणि तोच दर्प आला. सोळा वर्षांत तो वास मी शेकडो वेळा घेतला होता.

माळ्याने मला हात मागे घेण्यास सांगितले. मी आमच्या बेळगावी कानडीत त्याला म्हणालो, "अहो, कीड लागली आहे, काढत का नाही?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "हे रोप तिच्यासाठीच लावले आहे. ही नसली तर चिट्टे कोठून येणार?" चिट्टे म्हणजे फुलपाखरू. आणि त्याने बोट वर केले. भाचीच्या खांद्यावर बसलेल्या त्या काळ्या-पिवळ्या जातीचे एक फुलपाखरू धबधब्याजवळ उडत होते.

लिंबाचे फुलपाखरू ते हेच. शास्त्रज्ञ त्याला पॅपिलिओ डेमोलिअस म्हणतात. लिंबू, पपनस, बेल ही सारी एकाच कुळातील झाडे; त्यांच्या कोवळ्या पानांवर मादी सुटी सुटी अंडी घालते. याच कुळातला कढीलिंब. त्यावर बहुधा याचे भावंड शोभणारे कॉमन मॉर्मन वाढते, आणि तेही बेलावर येते. म्हणजे आमच्या देवळामागे मी इतकी वर्षे जे डब्यात बुडविले, ते हेच होते. भाचीला हे सर्व समजत होते, कारण ती माझ्याकडे वळून आनंदाने म्हणाली, "मामा, तुझ्या देवळातपण या अळ्या आहेत? तू त्यांना काय खायला देतोस?"

मी म्हणालो, "बेल."

हे उत्तर शब्दशः खोटे नव्हते. पण तिचा चेहरा ज्या समाधानाने उजळला, ते समाधान मी चोरून घेतले होते, आणि तेव्हापासून आजतागायत ते माझ्याजवळ चोरीच्या वस्तूसारखे पडून आहे.

पुढच्या दोन घुमटांत संग्रहालय आहे. तेथे जतन केलेली फुलपाखरे ओळीने मांडलेली दिसतात. रंग तसेच, हालचाल नाही. ताई म्हणाली, जिवंत पाहिल्यावर ही बघवत नाहीत. मला उलट वाटले. त्या मांडणीत निदान लपविलेले काही नव्हते. मारले आहे, कशासाठी ते सांगितले आहे, नावही लिहिले आहे. माझ्या डब्यावर नाव नव्हते.

परतल्यावर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले. माझे शिक्षण शाळेपुरतेच झालेले, म्हणून शास्त्राचा भाग जपून व थोडक्यात सांगतो. अळीचे जीवन हे केवळ खाण्याचे जीवन होय. ती वाढीच्या पाच अवस्थांतून जाते, मग फांदीला कंबरेभोवती रेशमी धागा बांधून कोशात जाते. कोशाच्या आत अळीचे बहुतेक शरीर विरघळून जाते आणि अगदी प्रथमपासून तिच्यात सूक्ष्म रूपाने असलेल्या अंकुरांतून पंख, पाय, डोळे घडतात. यावरून वाटावे की अळी मेली आणि फुलपाखरू निराळे जन्मले. परंतु अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठात एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास आणि त्याबरोबर सौम्य विजेचा धक्का देऊन तो वास टाळण्यास शिकविले. पूर्ण वाढीच्या सुमारास शिकविलेल्या अळ्यांचे पुढे पतंग झाले, तेव्हा तेही तो वास टाळू लागले. शरीर विरघळले, आठवण विरघळली नाही.

देहान्तराचे तत्त्व आपणांस नवे नाही. कौमार्य, तारुण्य, जरा यांतून जाणारा एकच, हे आपण रोज ऐकतो. ऐकून ते दुसऱ्याच्या अंगणात लावतो. फुलपाखराला पाहून ज्याच्या तोंडून 'अहाहा' निघते तोच अळीला पाहून चप्पल काढतो, आणि आपण दोन निरनिराळ्या जीवांशी दोन निरनिराळे वर्तन केले असे समजतो. जीव एकच आहे. त्याच्या खाण्याच्या काळात आपण त्याला ओळखत नाही. त्याच्या शोभेच्या काळात ओळखतो.

या आपल्या आवडीनिवडीचे टोक मला परदेशांतील काचघरांच्या वर्णनात आढळले. थंड देशांत वनस्पती-उद्यानांतील उबदार काचगृहांत उष्ण प्रदेशांतली फुलपाखरे ठेवतात. त्यांचे कोश दूरदेशांहून पेट्यांत भरून विमानाने येतात. येथे ती कोशातून बाहेर पडतात, दोन-तीन आठवडे उडतात आणि मरतात. मग नवे कोश येतात. अमेरिकेत परदेशी जातींबद्दल सरकारचे नियम कडक आहेत. एखादी मादी बाहेर निसटून पिकांवर अंडी घालील, ही भीती त्यामागे आहे, आणि ती खोटी नव्हे. म्हणून तेथील पुष्कळ घरांत मधाची फुले भरपूर असतात, पण अळीला खाण्याजोगे झाड मुद्दाम लावीत नाहीत. मादी उडते, तिचे मीलन होते, आणि अंडे घालावे असे पान तिला सापडत नाही. फुलपाखरू आहे, अळी नाही. सुंदर आहे, भोक पडलेले पान कोठेही नाही. हे वाचून मी पुस्तक मिटले, कारण ते वर्णन मला ओळखीचे वाटले. भोक पडलेले पान कोठेही नसलेली बाग राखण्यातच माझे बालपण गेले होते.

याच व्यापाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. केनियाच्या किनाऱ्याजवळ अराबुको-सोकोके नावाचे जुने अरण्य आहे. त्याच्या कडेला राहणारे शेतकरी ते तोडावे अशा मताचे होते. अरण्यातून हत्ती आणि माकडे येऊन पीक नासवीत, आणि अरण्य त्यांना काही देत नव्हते. तेथे 1993 साली 'किपेपेओ' नावाचा उपक्रम सुरू झाला. किपेपेओ म्हणजे तेथल्या भाषेत फुलपाखरू. शेतकऱ्यांनी अरण्यातील फुलपाखरांपासून अंडी मिळवून घराजवळ अळ्या वाढवावयाच्या आणि कोश परदेशच्या काचघरांना विकावयाचे. अळीला लागणारी झाडे अरण्यातली. तेव्हा अरण्य राहिले तर मिळकत राहील, हे लोकांना पटले. म्हणजे कोठेतरी काचेखाली कोंडलेल्या फुलपाखरामुळे कोठेतरी एक रान उभे राहिले. हा व्यवहार शुद्ध आहे असे मी म्हणत नाही. पण रान तोडून झाल्यावर मोकळ्या आकाशाचा महिमा गाणाऱ्यापेक्षा तो मला पुष्कळ बरा वाटतो.

आता एक पुराणी गोष्ट, जी आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात लपविला. ऋषी मौनात होते. राजाच्या शिपायांनी त्यांनाही चोर समजून धरले आणि सुळावर चढविले. ऋषी मेले नाहीत. पुढे त्यांनी यमधर्माला विचारले, हे कोणत्या पापाचे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू पतंगांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. ऋषी संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्यांनी धर्माला शाप दिला, तो विदुर होऊन जन्मला, आणि चौदा वर्षांच्या आतील कृत्याचे पाप लागणार नाही, अशी मर्यादा ऋषींनी घालून दिली.

ही कथा सांगताना बुवा नेहमी दंडाच्या न्यायावर किंवा विदुराच्या जन्मावर निरूपण करतात. मीही तसेच ऐकत आलो. या खेपेस मात्र एक गोष्ट मनात खुपली. कथेत राजाला बोलावयास मिळते, ऋषींना मिळते, प्रत्यक्ष धर्मालाही आपली बाजू मांडता येते. पतंग एकदाच येतो, काडी खुपसून घेण्यापुरता. त्याचे पुढे काय झाले ते कोणी विचारत नाही. आणि दुसरे असे की, मांडव्यांनी घातलेली मर्यादा मला अर्धवटच उपयोगी पडते. नऊ ते चौदा हा काळ माफ धरला, तरी त्यापुढची वर्षे उरतात. त्या वर्षांत मी दहावी झालो, संध्या करू लागलो, अहिंसेवर शाळेत भाषण करून बक्षीस मिळविले, आणि डबा चालूच होता.

कोणी म्हणेल, शेतकरी काय करतो? लिंबाच्या रोपवाटिकेत हीच अळी फार नासधूस करते. तो औषध मारतो, त्याला पापी म्हणणार का? नाही म्हणणार. त्याच्या पानामागे त्याच्या मुलांचे पोट आहे. माझ्या पानामागे काय आहे याचा मी विचार करू लागलो. देवाला भूक नाही. पान अखंड हवे ते आपल्या मनाच्या समाधानासाठी. उत्तम तेच द्यावे ही भावना खोटी नाही, मी तिची थट्टा करीत नाही. पण त्या भावनेची किंमत कोणी भरली, हे विचारणे भावनेचा अपमान करणे नव्हे.

गंमत अशी, आणि हे मी झाडांची माहिती वाचताना हळूहळू ध्यानात घेतले, की देवळाची बाग ही मूळची फुलपाखरांचीच बाग आहे. मारुतीला आपण रुईची माळ घालतो; त्याच रुईच्या विषारी चिकावर प्लेन टायगरची अळी वाढते आणि ते विष अंगी भिनल्यामुळे त्या नारिंगी फुलपाखराला पक्षी सहसा तोंड लावीत नाहीत. कण्हेरीवर कॉमन क्रो येते. त्याचा कोश चांदीच्या भांड्यासारखा लखलखतो, इतका की पाहणाऱ्याचे तोंड त्यात दिसावे. सोनचाफ्यावर हिरव्या ठिपक्यांचे टेल्ड जे. बन्नेरघट्ट्यास जी झाडे शोधून, अभ्यास करून लावली, त्यांपैकी कित्येकांची भावंडे आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने आधीच लावून ठेवली आहेत. छत नाही, तिकीट नाही, जाळी नाही. केवळ आम्ही राखण करीत बसलो.

जाता जाता आणखी एक. एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंत शेवटचा गुरू कीटक येतो. कुंभारीण अळीला घरात कोंडते, आणि तिच्या ध्यासाने अळीच कुंभारीण होते, असा तो दृष्टान्त. ध्यासाचे तत्त्व खरे असेल. निरीक्षण तसे नाही. कुंभारीण अळीला डंख मारून बधिर करते, त्याच घरात आपले अंडे घालते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळीला खाऊन मोठे होते. जे बाहेर पडते ते खाणाऱ्याचे मूल असते. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "दृष्टान्त ब्रह्माचा आहे, माशीचा नाही." मी गप्प बसलो. पण खाण्याला ध्यान समजण्याची चूक एकट्या त्या दृष्टान्ताचीच आहे असे मला वाटत नाही.

अण्णांशी मुख्य बोलणे झाले ते माघात, शिवरात्रीच्या आदल्या रात्री. आम्ही दोघे ओट्यावर कंदिलाएवढ्या दिव्याच्या उजेडात बेल निवडत होतो; बाहेरगावाहून आलेला दोन पोती बेल होता. मी त्यांना बंगळुरची हकीकत सांगितली, भाचीचा प्रश्नही सांगितला. ते पुष्कळ वेळ पाने उलटीत राहिले. मग म्हणाले, "खंडित पान वाहू नये हे मी ठरविलेले नाही. माझ्या आजोबांनीही नाही." आणखी काही पाने झाली. "अळी मारा, असेही कोठे लिहिलेले नाही. ते आपणच मागाहून जोडले." उठताना त्यांनी निकाल दिला: विहिरीकडचे झाड देवाचे, भिंतीकडच्या झाडाकडे ते पाहणार नाहीत.

अशा रीतीने ज्येष्ठापासून मी एक नवी रीत सुरू केली आहे. देवाच्या झाडावरची अळी मारीत नाही. पानासकट उचलून भिंतीकडच्या झाडावर नेऊन ठेवतो. पहिले दोन महिने मला स्वतःचे फार कौतुक वाटले. आषाढात परसात लिंबाची फुलपाखरे एवढी झाली की शाळेची मुले पाहावयास येऊ लागली, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी मला वेडा ठरविले. मग श्रावण आला. पहिल्या सोमवारी बेल कमी पडला. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. अण्णांनी तसेच केले. एका यजमानांना ते आवडले नाही. नव्या पानांची दक्षिणा दिली आहे, असे ते म्हणाले. अण्णांनी मान खाली घातली आणि माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या सोमवारी मी पहाटे सायकलवर तीन कोस जाऊन एकाच्या बांधावरून बेल आणला. तो बेल कसा राखला जातो, त्यावर कोण काय मारते, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही, हे अधिक खरे.

आणि भिंतीकडचे झाड आता जवळजवळ उघडे पडले आहे. एका झाडावर दोन झाडांच्या अळ्या नेऊन ठेवल्या, त्याचा हा परिणाम. बन्नेरघट्ट्याचा माळी रोपे पालटीत असणार. माझ्याजवळ पालटावयास रोपे नाहीत. मी पाच कुंड्यांत लिंबाच्या बिया टाकल्या आहेत, त्या अजून वीतभर नाहीत. आज सकाळी मोजल्या तेव्हा उघड्या फांदीवर चौदा अळ्या होत्या. दोन मोठ्या आहेत, त्या उद्या-परवा कोशात जातील. बाकीच्यांना अजून आठवडाभर पान हवे. विहिरीकडच्या झाडाला मात्र नवी पालवी आली आहे, तिन्ही दले पुरी, एकाही पानाला भोक नाही, आणि शेवटचा सोमवार तीन दिवसांवर आहे. अण्णांनी अजून काही विचारलेले नाही.